थॉर्नलींची अकरा वाक्यं

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मी गिरिजा हुपरीकर. दुबईत जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका क्लिनिकमध्ये स्पीच थेरपिस्ट आहे. चौदा वर्षं झाली. स्ट्रोक येऊन ज्यांचं बोलणं बिघडलंय, त्यांना पुन्हा बोलायला शिकवायचं, हे माझं काम. त्याला चिकाटी लागते, ती माझ्याकडे आहे. शांत स्वभावही लागतो म्हणे. तो नाही, पण त्यावाचून आजवर माझं काही अडलेलं नाही.

एडविन थॉर्नली माझ्याकडे आले ते डिसेंबरात. वय एकोणऐंशी, हातात काठी, आणि चेहरा असा की वाटावं, यांना आपण कुठेतरी पाहिलंय. सोबत मुलगी होती, हिलरी. तिचा फ्लॅट आमच्याच क्लस्टरमध्ये, शेजारच्या टॉवरमध्ये. बायको गेल्यावर म्हातारा तीन वर्षांपूर्वी मुलीकडे राहायला आला आणि नोव्हेंबरात एका सकाळी चहाचा कप हातातून पडला. हात-पाय महिनाभरात बऱ्यापैकी सावरले. तोंड मात्र डावीकडे वाकडं राहिलं. जीभ जड, ओठ ढिला. ‘स’ आला की हवा डाव्या कोपऱ्यातून गळायची, त्यामागून लाळही. ते बोलायचे अर्थात इंग्रजीत. मी माझ्या मराठीत सांगते आहे, एवढं सांभाळून घ्या.

पहिल्या दिवशी मी प्रत्येक पेशंटला एकच प्रश्न विचारते. तुम्हाला काय बोलता यायला हवंय? कुणाला नातवाशी फोनवर बोलायचं असतं, कुणाला नमाज नीट पढायची असते. एकाला फक्त ड्रायव्हरवर ओरडायचं होतं. थॉर्नलींनी माझ्यापुढचा कागद ओढला आणि त्यावर लिहिलं, ‘काम.’

“कसलं काम?” मी विचारलं.

“पप्पा नट आहेत,” हिलरी म्हणाली. आमचे पप्पा अजून सायकल चालवतात, असं सांगावं तसं.

मग हळूहळू मला सगळं कळत गेलं. इंग्लंडच्या उत्तरेला समुद्रकाठच्या एका गावात नाटक कंपनी होती, तिथे हे सतराव्या वर्षी लागले. तिथे दर सोमवारी नवं नाटक लागायचं. संध्याकाळी या आठवड्याचं करायचं आणि सकाळी पुढच्या आठवड्याचं पाठ करायचं. पंचविशीत केस गेले. “केस गेले आणि काम आलं,” असं ते म्हणायचे, कारण तेव्हापासून सगळे म्हातारे त्यांच्याच वाट्याला. मग टीव्ही, सिनेमे. बँकेचा मॅनेजर, रेल्वेचा गार्ड, खाटीक, पाद्री, घरमालक, दारात येऊन वाईट बातमी सांगणारा पोलीस. साठ वर्षांत एकशे अडुसष्ट भूमिका. हिरो एकदाही नाही. पोस्टरवर नाव एकदाही नाही. चेहरा सगळ्यांना ओळखीचा आणि नाव कुणालाच माहीत नाही. एकदा मरीनातल्या सुपरमार्केटमध्ये एका पन्नाशीच्या इंग्लिश बाईने त्यांना अडवलं आणि म्हणाली, तुम्ही आम्हाला भूगोल शिकवायचात ना? हे म्हणाले, हो, आणि आता तरी नकाशे नीट काढतेस का? बाई खूश होऊन गेली.

“तुम्ही खरं का नाही सांगितलं?” मी विचारलं.

“ती माझी एकशे एकोणसत्तरावी भूमिका होती,” ते म्हणाले. म्हणजे म्हणायला त्यांना तब्बल दीड मिनिट लागलं, पण म्हणाले.

असा माणूस. मी त्यांना सोडलं नाही आणि त्यांनीही मला सोडलं नाही. गाल फुगवा, ओठ मिटा, स्ट्रॉने फुंका, जीभ टाळूला लावा, एकेका अक्षराला टेबलावर बोट आपटा. दुसरे पेशंट दहा मिनिटांत कंटाळतात. हे चाळीस मिनिटं करायचे आणि वर विचारायचे, पुन्हा? दर सेशनच्या सुरुवातीला मी दोन मिनिटांचं बोलणं टॅबवर रेकॉर्ड करते, प्रगती कळावी म्हणून. “ऐकायचं का?” असं मी प्रत्येक वेळी विचारायचे. “नाही,” ते म्हणायचे. त्या एका बाबतीत म्हातारा हटून बसलेला. मीही फार ताणलं नाही.

जानेवारीच्या शेवटी झारा मुकादम आमच्याकडे आली ती तिच्या नानीला घेऊन. ही मुलगी एकतीस वर्षांची, जन्म दुबईचा, मूळ घर दापोलीकडचं. वडील जहूरभाई, त्यांचं देराच्या लाँचधक्क्यावर ऑफिस आहे, लाकडी लाँचमधून माल पाठवण्याचा धंदा. मुलगी मात्र सिनेमे काढते. मराठी बोलते, पण निम्मं इंग्रजीत आणि बाकीचं हिंदीत. नानीचा नंबर यायची वाट बघत ती बसलेली असताना थॉर्नली रिसेप्शनवर अपॉइंटमेंटची वेळ बदलून मागत होते. पाच मिनिटं चाललं ते. समोरच्या मुलीला काही कळेना, आणि हे काही सोडेनात. झारा सगळं ऐकत होती. मग ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि विचारलं, सर, तुम्ही कधी ॲक्टिंग केलीय का?

त्या दिवशी थॉर्नली माझ्या खोलीत आले ते काठी न टेकता. हातात झाराने दिलेली दोन पानं. एका म्हाताऱ्या इंग्लिश माणसाची भूमिका. चाळीस वर्षांपूर्वी हा माणूस बंदरात बोटींना वाट दाखवायचं काम करत असतो. एक लाँच बुडते, तिचा कोकणी तांडेल, म्हणजे लाँच चालवणारा, बुडून मरतो. त्याच्या लाँचवर दिवा नव्हता, अशी साक्ष हा इंग्लिश माणूस देतो. आता तो त्या तांडेलाच्या मुलीला भेटून सांगतो की दिवा होता. मी पाहिला होता. मी खोटं बोललो. एकच सीन, अकरा वाक्यं. शूटिंग मार्चच्या अखेरीला, रास अल खैमाच्या जुन्या मासेमारांच्या गावात.

“मला तिथे उभं करा,” थॉर्नली मला म्हणाले. “एवढं एकच करा.”

मी त्या दिवसापासून दुसरं काही केलंच नाही. गाल फुगवणं खलास, फक्त ती अकरा वाक्यं. शब्द तोडले, जोडले, श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा केल्या. घरी कुकर लावतानाही माझ्या डोक्यात तीच वाक्यं. ‘तुझ्या वडिलांचा दिवा मी पाहिला होता.’ इंग्रजीत त्या वाक्यात तीन वाईट जागा होत्या, प्रत्येकीवर आठ-आठ दिवस घालवले. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्यांनी अकराच्या अकरा वाक्यं उभ्याने म्हटली आणि एकही अक्षर घसरलं नाही. खरं सांगते, मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. चौदा वर्षांत इतकं कधी कुणाचं सुधारलेलं पाहिलं नव्हतं.

शूटिंगच्या दोन दिवस आधी देरात वाचन होतं, जहूरभाईंच्या ऑफिसच्या वरच्या खोलीत. खाली धक्क्यावर टायर आणि फ्रीज चढवत होते, त्याचा गलका वर येत होता. खोलीत झारा, साउंडचं बघणारा अबरार, थॉर्नली आणि मी. मी रजा टाकून गेले होते. जायची गरज नव्हती, पण मला झाराचा चेहरा बघायचा होता.

थॉर्नलींनी वाक्यं म्हटली. स्वच्छ. मी झाराकडे बघितलं, तर तिचा चेहरा पडलेला.

“आंटी, दोन मिनिटं बाहेर येता का, प्लीज?”

बाहेर जिन्यात आल्यावर ती म्हणाली, “आंटी, हे काय झालं?”

“काय झालं म्हणजे? बरे झाले ते!”

“आय नो, अल्हमदुलिल्ला, पण मला ते तसेच हवे होते. तो आवाज हवा होता. चाळीस साल हा आदमी खरं बोलला नाही, आणि आता बोलायचंय तर तोंड साथ देत नाही. सीनच तो आहे आंटी. बाकी त्यात काय आहे?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. “मग आधी सांगायला काय झालं होतं तुला? दोन पानांत एका शब्दाने लिहिलंयस का?”

“कसं सांगणार? अंकल, तुमचं बोलणं बिघडलंय म्हणून तुम्हाला घेते, असं? किती वाईट वाटलं असतं त्यांना. मला वाटलं, समजलं असेल.”

मीही असंच केलं असतं. आपल्याकडे कुणाचं व्यंग त्याच्या तोंडावर बोलत नाहीत, लहानपणापासून तेच शिकवलेलं. ती संकोचाने बोलली नाही. आणि मी? मी तरी कुठे विचारलं होतं? माणूस कोण, तो कसा बोलत असेल, एका शब्दाने नाही. घसरलेलं बोलणं समोर आलं की सरळ करायचं, एवढंच मला येतं. दोघींनी मिळून त्या माणसाची भूमिका घालवली होती.

मागे काठी वाजली. थॉर्नली दारात उभे. मराठी त्यांना कळत नव्हती, पण झाराच्या बोलण्यातले इंग्रजी तुकडे पुरेसे होते.

“तुम्हाला बिघडलेला हवा होता,” ते म्हणाले.

झारा रडवेली झाली. सॉरी, सॉरी म्हणत राहिली. थॉर्नली आत जाऊन खुर्चीवर बसले. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला बघवला नाही. स्ट्रोक आला तेव्हाही हा माणूस इतका खचला नसेल. त्यांना वाटलं होतं, आपल्यातला नट पाहून घेतलंय.

अबरार बिचारा चांगल्या मनाने बोलला. म्हणाला, टेन्शन नको, आता सॉफ्टवेअर आहे. अंकलना असंच बोलू दे, पुराना आवाज असेल तर मी तो वरून चढवतो. नाहीतर दोन दिवसांत दुसरा कुणी गोरा म्हातारा मिळेल, दुबईत काय कमी आहेत?

“मशीन नको,” थॉर्नली म्हणाले. “दुसरा म्हाताराही नको. ते मी करीन.”

“काय कराल?” झाराने विचारलं.

“तो आवाज. मिस मुकादम, तुम्हाला आजारी माणूस हवा होता. तो आता नाही. त्याच्याऐवजी नट घ्या.”

झाराने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नाही म्हणून. तिने ती बघूनही म्हटलं, “ओके सर. परवा सकाळी सहाला.”

परतताना गाडीत मी तोंड सोडलं. सगळा रस्ता. म्हटलं, हे वेड आहे. जीभ काय भाड्याची गाडी आहे, हवी तशी वळवायला? चार महिने रोज तासतास घासून जे वळण लावलंय, ते दोन दिवस उलटं गिरवलंत तर मोडेल. पुस्तकात असं लिहिलेलं नाही, कारण इतका मूर्खपणा आजवर कुणी केलेला नाही. पुन्हा घसरलात तर या वयात परत येईल याची गॅरंटी मी देणार नाही. आणि मी यात मदत करणार नाही, हे लिहून घ्या.

“झालं बोलून?” त्यांनी विचारलं.

“नाही!”

“मग बोला. मी ऐकतोय.”

अशा माणसाशी भांडणार तरी कसं? घरी आल्यावर हिलरीचा फोन. “पप्पा म्हणतात तुमचा विरोध आहे. माझाही आहे. मी पन्नास वर्षं त्यांना विरोध करतेय. त्याचा कधी उपयोग झालाय का?” मी कपाळाला हात लावला. स्वप्नाली, माझी चौदा वर्षांची मुलगी, ताटावर बसून सगळं ऐकत होती. तिला मी पोटतिडकीने समजावलं, म्हातारा स्वतःचं कसं नुकसान करून घेतोय ते. ती शांतपणे म्हणाली, “आई, इट्स हिज माउथ.” मला इतका राग आला! कारण बरोबर होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता अपॉइंटमेंट नसताना थॉर्नली माझ्या दारात.

“रेकॉर्डिंग द्या. पहिल्यापासूनची. ती माझी आहेत.”

त्यांचीच होती. मी टॅब समोर ठेवला. पहिलं लावायच्या आधी त्यांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. मग डिसेंबरातला तो आवाज खोलीत आला. ओला, लडबडलेला, अर्धे शब्द गिळलेला. थॉर्नलींचे डोळे भरून आले आणि पाणी गालावरून ओघळू लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. म्हणाले, “पुन्हा.”

पाच वेळा ऐकलं. सहाव्या वेळेला रडणं थांबलं होतं. दहाव्या वेळेला त्यांनी माझं पेन मागितलं. मी माझं दुसरं काम करत असल्याचं दाखवत होते, पण लक्ष सगळं तिकडेच.

“गिरिजा, हा माणूस ‘स’ वर अडखळत नाहीये,” ते म्हणाले.

“अडखळतोय की! माझ्या फाइलमध्ये आहे. एकवीस ठिकाणी.”

“त्या फार पुढच्या गोष्टी झाल्या. त्याआधी बघा काय करतो. त्याला म्हणायचं आहे बहीण. तो ‘सिस्टर’ म्हणत नाही, ‘माझ्या आईची मुलगी’ म्हणतो. ‘स’ लांबून दिसला की वळसा घालतो. आणि वळसा घातल्यावर तुमच्याकडे बघायचा, ते यात दिसत नाही पण मला आठवतं, तुमच्या लक्षात आलं का म्हणून. इथे, बघा, थांबतो ना? तो अडलेला नाही. त्याला शरम वाटतेय.”

मी टॅब माझ्याकडे ओढला. स्वतः ऐकलं. चार महिने हे रेकॉर्डिंग माझ्याकडे होतं. किती अक्षरं चुकली, किती सेकंदांचा पॉज, सगळं मी मोजलं होतं. माणूस लाजतोय, हे मला कळलं नव्हतं. चौदा वर्षांत किती जण माझ्यासमोर असे वळसे घालून बोलले असतील, आणि मी बसले ‘स’ मोजत! मला स्वतःची लाज वाटली, आणि ते मी त्यांना तिथेच सांगितलं.

“त्यात काय,” ते म्हणाले. “तुमचं काम तोंड आहे. माझं काम बाकीचं.”

मग मी माझा हट्ट सोडला. दार लावलं, सकाळच्या दोन अपॉइंटमेंट पुढे ढकलल्या. म्हटलं, करायचंच आहे तर माझ्या पद्धतीने करा. जिभेला हात लावायचा नाही, ती सरळच राहू दे. फक्त डावा ओठ सैल सोडा, हवा तिथून गळू दे. ऐकणाऱ्याला जड वाटेल, आणि तुमचं वळण शाबूत राहील. प्रत्येक वाक्यानंतर मला एक सरळ शब्द म्हणून दाखवायचा. म्हणजे मला कळेल, माणूस परत आलाय की नाही. ते हसले. दिवसभर आम्ही तेच केलं. जो ओठ मिटवायला मी चार महिने ओरडत होते, तोच ‘अजून सैल, अजून’ म्हणून मी ओरडत होते. बाहेर रिसेप्शनवरच्या मुलीला वाटलं असेल, मॅडमचं डोकं फिरलं.

शूटिंगच्या सकाळी पावणेसहाला आम्ही त्या गावात होतो. जुनी पोवळ्याच्या दगडांची घरं, छपरं गेलेली, मधल्या वाळूच्या अंगणात दोन खुर्च्या. थॉर्नलींना मळकट पांढरा शर्ट दिला होता. समोर तांडेलाच्या मुलीचं काम करणारी सुमैय्या नावाची मुलगी बसली. झारा म्हणाली, “यल्ला, बिस्मिल्ला, करूया.”

पहिला टेक. काय सांगू! ती अकरा वाक्यं मी हजार वेळा ऐकली होती, तरी त्या दिवशी मला ती नवी वाटली. ‘दिवा’ हा शब्द आला की तो माणूस त्याच्याभोवती फिरायचा. आधी ‘उजेड’ म्हणाला, मग ‘वर जे टांगतात ते’, मग मुलीकडे बघितलं, आणि शेवटी वळसे संपल्यावर तो शब्द ओठातून गळत, लाळेसकट बाहेर आला. सुमैय्या खरंच रडायला लागली. लाइटवाला पोरगा केबल धरून तसाच उभा. कट झाल्यावर टाळ्या. थॉर्नलींनी मान वळवून मला शोधलं आणि स्वच्छ म्हणाले, “सिस्टर.” माझा जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या टेकला वरून विमान गेलं. मग सूर्य वर आला, लाइट बदलले, कॅमेरा दुसऱ्या बाजूला नेला. तोवर साडेअकरा. ऊन मी म्हणत होतं. मी झाराला म्हटलं, आता पुरे. ती म्हणाली, आंटी, सेफ्टीसाठी एक, इन्शाल्ला शेवटचा. थॉर्नलींनी मला हात केला, करू द्या.

तिसरा टेक सुरू झाला आणि दुसऱ्याच वाक्याला मला कळलं. ओठ सैल सोडलेला नव्हता, तो सुटलेला होता. जीभ खरंच जड झाली होती. वळसे नव्हते, युक्त्या नव्हत्या. दमलेला, आजारी, एकोणऐंशी वर्षांचा माणूस एकेक शब्द ढकलत होता. मी मनात देवाचं नाव घेत उभी. अकरा वाक्यं त्यांनी पुरी केली. कट. त्यांनी मान वळवली, मला शोधलं, तोंड उघडलं. शब्द आला नाही. नुसती हवा.

मी धावले. “खलास! बास झालं! कुणी माझ्या पेशंटला हात लावायचा नाही!” सगळं युनिट दचकलं. पाणी पाजलं, ओला टॉवेल डोक्यावर ठेवला, गाडीत एसी पूर्ण करून त्यांना मागच्या सीटवर झोपवलं आणि निघाले. हात-पाय हलत होते, चेहरा आणखी वाकडा झालेला नव्हता, म्हणजे नवा झटका नव्हता, फक्त थकवा. हे मला कळत होतं, पण ते पुरेसं नव्हतं. रास अल खैमाहून दुबईपर्यंत सव्वा तास, आणि मी प्रत्येक किलोमीटरला स्वतःला शिव्या देत होते. मीच शिकवलं सैल सोडायला. मीच. हिलरीला काय सांगू? गेलं असेल सगळं तर याच्या तोंडाकडे मी कुठल्या तोंडाने बघू?

वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबले, इथला कडक दुधाळ करक चहा घ्यायला. फोनवर झाराचा व्हॉइस मेसेज होता. ‘आंटी, अंकल ठीक आहेत ना? मी सगळं परत बघितलं. पहिला टेक लॉक केला, माशाल्ला, इतका खरा आहे ना, की कुणी म्हणणार नाही ॲक्टिंग आहे. तिसरा मात्र नाही घेत. तिसऱ्यात थोडं जास्त झालं, थोडं खोटं वाटतं, ओव्हरॲक्टिंग. अंकलना सांगू नका, वाईट वाटेल.’

मी तो मेसेज दोनदा ऐकला. स्पीकरवर होता, हे माझ्या लक्षात आलं ते मागून सीट करकरली तेव्हा.

थॉर्नली उठून बसले होते. केस नसलेल्या डोक्यावर टॉवेल तसाच. “काय म्हणाली ती?” जड होतं, पण कळलं. शब्द होते!

मी काही लपवलं नाही. या प्रकरणात लपवून पुरेसं नुकसान झालं होतं. सगळं शब्दाला शब्द सांगितलं. पहिला खरा वाटला. तिसरा खोटा.

त्यांनी डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर ठेवला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतायत, तर हसत होते. हसता हसता ठसका लागला, मी वळून पाठीवर थापा मारल्या, तरी हसतच.

“साठ वर्षांत,” ते म्हणाले, “मला कुणी ओव्हरॲक्टिंग म्हणालं नव्हतं.” शेवटचा शब्द घसरला. ते थांबले, ओठ मिटले, तोच शब्द पुन्हा म्हणाले, स्वच्छ. आणि मग पुढचं एका दमात, एकही अक्षर न गळता:

“ऐकलंत ना, गिरिजा? आजारी माणसाची भूमिका मला आता जमत नाही. दुसरी बघायला हवी.”